डाग न पाडणारी गळती

"ताई गेल्या तर खून माझ्या नावावर लागेल," मिस्त्री म्हणाला. समोर खुर्ची असूनही तो उभाच होता.

"बसा आधी," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, यांना पाणी द्या."

भावोजींनी पाणी दिलं. वहिनींची सगळी नोकरी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या गाड्या तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या खासगी तपास घेऊ लागल्या. त्यांचे धाकटे दीर पोस्टातून सुटून घरात माशा मारत बसले होते, तेही त्यांच्यामागे हिंडू लागले. चुकीचे तर्क करायलाही कुणीतरी लागतंच, असं वहिनी चारचौघांत म्हणत, आणि भावोजी ते हसून गोड करून घेत.

मिस्त्रीची हकिकत सरळ होती. चढावरच्या घरात एक ताई राहत. लग्न न करता त्यांनी धाकट्या भावाला वाढवलं आणि त्याचा संसार मांडून दिला. आता त्यांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टर म्हणत, वय झालं. भावजय त्यांना त्यांच्याच जुन्या गाडीतून दवाखान्यात नेई. आणि त्या गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सारखं कमी होई.

"रेडिएटर बदलला, पाइप बदलले, पंप बदलला," मिस्त्री म्हणाला. "हवा भरून बघितली, दाबाचा काटा हलत नाही. धूर पांढरा नाही, ऑइलमध्ये पाणी नाही, जमिनीवर थेंब नाही. तरी बाटली रिकामी. काल भर रस्त्यात इंजिन तापलं. ताई मागच्या सीटवर, शुद्ध हरपलेली. रिक्षानं दवाखान्यात नेलं, संध्याकाळी घरी सोडलं. भाऊ म्हणतात, माझ्या बहिणीला काही झालं तर तुला सोडणार नाही. बाई, भोक कुठंय तेवढं शोधून द्या."

"गाडी कुठंय?"

"ओढून आणलीय. हात लावला नाही."

वहिनी उठल्यासुद्धा.

गॅरेजचं शटर मिस्त्रीनं खाली ओढलं. अंधारात त्याच्या हातातला जांभळा टॉर्च लागला.

"आधी हिरवं कूलंट असायचं. गेल्या खेपेला ते काढून गुलाबी भरलं आणि त्यात शोधाचा रंग घातला. नुसत्या डोळ्याला कळत नाही. पण गळलं की या टॉर्चखाली पोपटी चमकतं. धुतलं, पुसलं तरी अंश राहतो. आता बघा."

त्यानं इंजिनाखाली, पाइपांच्या सांध्यांवर, पायांखालच्या मॅटवर उजेड फिरवला. सगळं काळं ठिक्कर. फक्त कूलंटच्या बाटलीच्या तोंडाशी एक पोपटी कड होती आणि तिथून बाहेरच्या अंगानं खाली आलेला एक बारीक ओघळ.

"काल तापल्यावर उकळून आलं असेल," भावोजी म्हणाले.

"उकळलं की शिंतोडे उडतात, भावोजी. हा एकच ओघळ आहे. मिस्त्री, भरताना सांडलं होतं?"

"भरलं की मी पुसतो आणि टॉर्च मारून बघतो. नाहीतर मग शोधायचं काय?" मिस्त्री दुखावला होता.

"गाडी कधी इथं मुक्कामाला होती?"

"मागे आठवडाभर. रोज इंजिन चालवून तापवलं. पाणी रेघेवरून तसूभर हललं नाही. आणि नेमकं तेव्हाच ताईंनी स्वतः फोन करून मला झापलं, गाडी देतोस की नाही म्हणून. आवाज काय खणखणीत होता! गाडी घरी गेली आणि पुन्हा तेच. गाडीचंही आणि ताईंचंही."

वहिनींनी बाटलीवरचा ओघळ पुन्हा एकदा निरखला. मग त्यांनी टॉर्च मिस्त्रीच्या हातून काढून पर्समध्ये टाकला आणि बाजूच्या दारानं बाहेर जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलल्या. आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा भावोजींना अजिबात आवडला नाही.

"चला, घाई आहे. मिस्त्री, तुम्हीही."

चढावरच्या घरात शिरताच बोळात खिळ्याला गाडीची किल्ली अडकवलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाच्याही हाताला लागावी अशी.

भावजय स्वयंपाकघरात होती. डोळे सुजलेले.

"विकून टाका म्हणते मी ती गाडी," ती म्हणाली. "काटा वर चढला की मी गाडी कडेला घेते. दर वेळी मीच मिस्त्रींच्या दारात नेऊन उभी करते. ते हिरवं पाणी जातं कुठं, देव जाणे."

"बॉनेट उघडून बघता?"

"मी? छे हो! एकदा यांनी वाफेनं हात भाजून घेतलेला पाहिलाय." तिनं मिस्त्रीकडे बोट दाखवलं.

परिचारिका दिवेलागणीच्या आत घरी जायची, म्हणून आवराआवर करत होती.

"मला ठेवलं तेच ताई आजारी पडल्यावर," ती म्हणाली. "औषधं मी देते. रात्रीचं सरबत तेवढं भाऊसाहेब देतात. औषधानं तोंड कडू होतं ना, म्हणून स्वतः करतात. वर आपल्या रुमालानं तोंड पुसतात. असा भाऊ मिळायला पुण्याई लागते."

ताईंच्या खोलीत भाऊ पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होता. पन्नाशीचा, पण चेहरा अजून शाळकरी. कपाटावर बांधून ठेवलेली एक बॅग होती.

"गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "बॉनेट कुठून उघडतात तेही ठाऊक नाही. मिस्त्री नुसतं ते गुलाबी पाणी ओतत बसतात, दुखणं काही शोधत नाहीत."

"त्याला बोलू नकोस रे," ताई म्हणाल्या. आवाज कापडासारखा विरलेला होता. "बाई, गाडी नीट करा. डोंगरात माझ्या मैत्रिणीनं शाळा काढलीय. तिच्याकडे जायचंय मला, कायमचं. बॅग भरली आणि अंथरूण धरलं बघा."

"जाशील ना. बरी हो आधी," भाऊ म्हणाला.

ताई हसल्या. "हा लहानपणी मी कामाला निघाले की पोट धरून बसायचा. थर्मामीटर गरम पाण्यात बुडवून दाखवायचा. लबाड!"

भाऊही हसला आणि रुमालानं त्यांच्या ओठाची कड टिपली. भावोजींना भरून आलं.

बोळात येताच ते कुजबुजले, "भावजयच! गाडी विकायची म्हणून पाणी काढून टाकते."

"भावोजी, गाडीतून पाणी का जातं, ते सोडा. ते जातं कुठं, ते बघू," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना ताईंच्या खोलीत बोलवा. आणि पडदे ओढून घ्या."

कलत्या उन्हातली खोली अंधारली. भिंतीशी भावजय, परिचारिका आणि मिस्त्री उभे. भाऊ पायथ्याशीच बसलेला.

"मिस्त्री, तुम्ही भोक शोधत बसलात, म्हणून सापडलं नाही," वहिनी म्हणाल्या. "या गाडीला भोक नाहीच. तुमच्याकडे होती तेव्हा थेंब गेला नाही. पाणी जातं ते इथं उभी असताना, आणि जातं बाटलीच्या तोंडातून. काढणाऱ्याचा हात चुकला की बाहेर ओघळ राहतो."

"पण काढून करायचं काय?" भावजय म्हणाली.

"गाडी गॅरेजात होती, तेव्हा ताई बऱ्या होत्या. गाडी आली आणि ताई पडल्या. ते पाणी चवीला गोड असतं, आणि मूत्रपिंडं खातं."

परिचारिकेनं तोंडावर हात दाबला. ताईंचे डोळे छताकडे लागले होते.

"ताईंच्या हाती काही देणाऱ्या तिघांत शोधायचं. परिचारिका आल्या त्या आजार सुरू झाल्यावर. भावजय गाडी दर वेळी मिस्त्रीकडे नेतात. चोर कधी आपणहून पहारेकऱ्याला उठवतो? शिवाय त्यांच्या लेखी ते पाणी अजून हिरवंच आहे, कारण त्यांनी आत डोकावलेलंच नाही." वहिनी भावाकडे वळल्या. "ज्यांना बॉनेट उघडता येत नाही, त्यांना मात्र ते गुलाबी झाल्याचं ठाऊक आहे."

"मिस्त्रींनी सांगितलं असेल," भाऊ म्हणाला.

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

"असं समजू की अंदाज होता," वहिनी म्हणाल्या आणि टॉर्च लावला.

ताईंच्या गाऊनच्या गळ्यावर पोपटी ठिपके उमटले. उशीच्या अभ्र्यावर एक पुसटसा डाग. जांभळा उजेड वर सरकला आणि वहिनींनी तो चटकन वळवला, पण भावोजींना दिसलं ते दिसलं. ताईंच्या ओठाची कड चमकत होती.

"भाऊसाहेब, रुमाल."

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. मिस्त्रीनं पुढे होऊन रुमाल काढला. उजेडात तो घडीघडीला पोपटी पेटला.

भावजय भिंतीला धरून खाली बसली. "अहो, काय केलंत हे?"

"मरावी असं नव्हतं वाटत मला," भाऊ म्हणाला. तो बायकोशी नाही, ताईंच्या पायांशी बोलत होता. "घोट दोन घोट. जाऊ नये एवढंच. बरी झाली की बॅग काढायची. मी काय करणार होतो इथं?"

परिचारिकेनं पडदा सारला. खालून रुग्णवाहिकेचा आवाज येऊ लागला. गॅरेजबाहेरून वहिनींनी फोन केला होता तो डॉक्टरांना, आणि त्यानंतर पोलिसांना.

ताईंनी हात उचलला. तो भावाच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, चादरीवरच पडला.

"थर्मामीटरचं मला तेव्हाही कळायचं रे," त्या म्हणाल्या. "कळूनसुद्धा थांबायचे. या खेपेला मात्र नाही कळलं."

भाऊ लहान पोरासारखा ढसाढसा रडला. पोलीस त्याला नेताना भावोजींना त्याची कीव आली आणि किळसही. दोन्ही एकदम येऊ शकतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

ताई वाचल्या, पण मूत्रपिंडं गेली ती गेलीच. आता आयुष्यभर रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनला बांधून घ्यायचं, आणि मशीन या शहरात. डोंगर राहिला डोंगरात. त्यांच्याजवळ आता भावजय असते. दोघींपैकी कुणीही त्याचं नाव काढत नाही.

पुढे एकदा वहिनी आणि भावोजी गॅरेजवरून चालले होते. गाडी कोपऱ्यात धूळ खात उभी होती. मिस्त्रीनं न विचारताच बॉनेट उघडलं.

"रोज बघतो," तो म्हणाला. "सवय लागलीय."

भावोजींनी वाकून पाहिलं. गुलाबी पाणी बरोबर रेघेवर होतं.