यांची गिटार विकली त्या दुपारी

हे खरं आहे. पटत नसेल तर पुढं वाचू नका. मला कुणाला पटवायचं नाही, आधीच डोकं फिरलेलं आहे.

१८ मे २०२५. रविवार. भर दुपारचे दोन. वसमतमधलं आमचं दोन खोल्यांचं घर.

त्या दुपारी मी माझ्या मेलेल्या नवऱ्याची गिटार विकली.

मी करुणा. नवऱ्याचं नाव रूपसिंग. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ते स्टील गिटार वाजवायचे. गळ्यात अडकवतात ती नव्हे. ही टेबलासारखी चार पायांवर उभी असते. पुढं खुर्ची टाकून बसायचं, तारांवर लोखंडी दांडी सरकवायची आणि खाली पायानं पेडल दाबायचं. पेडल दाबलं की सूर ओढत वर जातो...

कुणी रडता रडता बोलावं तसा.

हैदराबादहून जुनीच आणली होती. पुढं वीस वर्षं यांनी ती झिजवली. मनगट घासून घासून कडेचा रंग उडाला होता. डाव्या पेडलच्या रबरावर तर यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता.

मला तिचा राग का, तेही सांगते.

आमचा रुद्र चार वर्षांचा होता. ताप मेंदूत गेला. नांदेडच्या दवाखान्यात मी एकटी. हे सेनगावला, कुणाच्या तरी लग्नात. मी फोन केला.

"एकच गाणं राहिलंय करुणा. निघालोच."

ते पोचले तेव्हा रुद्रवर चादर ओढलेली होती.

यांच्या अंगात ऑर्केस्ट्राचा चमकीचा कोट तसाच होता. तो कोट मी चुलीत घातला. गिटार मात्र यांनी मला जाळू दिली नाही.

मागच्या वर्षी हेही गेले. झोपेतच. चौदा महिने ती गिटार पुढच्या खोलीत उभी होती आणि मी रोज तिच्याभोवती केर काढत होते. शेवटी मोबाईलवर तिचा फोटो टाकला.

माझी सोळा वर्षांची मिना आडवी आली.

"आई, नको विकूस. बाबा अजून तिथंच बसतेत."

मी तिच्या थोबाडीत मारली. खरं ते सांगते.

घ्यायला नांदेडहून चिन्मय नावाचा मुलगा आला. तोही वाजवणारा. लाइट गेलेली होती. आवाज मोठा करायचा बॉक्स तर मी केव्हाच ऑर्केस्ट्रावाल्यांना देऊन टाकला होता.

"चालतंय काकू. लाइट नसली तरी तारांचा बारीक आवाज येतो. ऐकून घेतो," असं म्हणून तो खुर्चीवर बसला.

त्यानं तार छेडली...

काहीच नाही.

तार थरथरताना मला दिसत होती. पण आवाज नाही. त्यानं कान टेकवला, पुन्हा छेडली. काही नाही.

मग त्यानं डावं पेडल दाबायला पाहिलं.

"काकू, हे दबत नाही. खाली कुणी..."

तो वाकला. खाली बघितलं. आणि झटकन उठून दाराशी जाऊन उभा राहिला. तोंड पांढरंफटक.

गिटारीपाशी आता कुणीच नव्हतं.

आणि पेडल खाली गेलं...

आपोआप. पुरतं.

सगळं घर सुरानं भरलं. बॉक्स नाही, लाइट नाही, तारांवर हात नाही. तरी आवाज एवढा, की भिंतीपलीकडून शेजारच्या शालूबाई ओरडल्या, "करुणाबाई, रेडिओ लहान करा की! लेकरू झोपून राहिलंय!"

मी घाबरले असेन, असं तुम्हाला वाटेल.

नाही. माझ्या अंगाची आग झाली. पायापासून डोक्यापर्यंत.

"काहून आलास?" मी ओरडले. "माझं पोरगं जाऊन राहिलं होतं, तवा आला न्हाईस! तवा गाणं राहिलं होतं तुझं! आता कुणाला ऐकवतूस? ऊठ! ऊठ म्हणते ना तिथून!"

एवढ्या वर्षांच्या संसारात मी यांना पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

सूर तुटला.

पेडल वर आलं. हळू... पाय उचलावा तसं.

मग रिकामी खुर्ची मागं सरकली.

चिन्मय "नको काकू, नको" म्हणत होता. मी ऐकलं नाही. गिटारीचे चारही पाय मीच काढले, तिचा वरचा भाग मीच त्याच्या गाडीत ठेवला. मिना उंबऱ्यावर उभी होती.

पंधरा दिवसांनी मीच त्याला फोन केला.

"एकदम बराबर चालते काकू," तो म्हणाला. "आवाज गोड आहे. काही तकलीफ नाही."

मी सुटकेचा श्वास घेतला.

आणि फोन कानालाच होता तेव्हा पुढच्या खोलीत पावलं वाजली...

अनवाणी. सावकाश. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत. परत मागं.

तेव्हापासून रोज. भर दिवसा. भाकरी थापताना पाठीमागं येऊन थांबतात. मी शिव्या देते. परातीवर लाटणं आपटते. पावलं थांबतात, पुन्हा सुरू होतात. मिना घरात चालता चालता मध्येच अंग चोरून बाजूला होते, कुणाला वाट द्यावी तशी. विचारलं तर म्हणते, "तूच उठवलंस ना त्यांना. आता बसतील कुठं?"

जिवंतपणी हा माणूस चार दिवस सलग घरात टिकला नाही. आता जात नाही.

मी एकदा ऊठ म्हटलं तर उठला. जा म्हटलं तर जाईलही कदाचित.

रोज सकाळी ठरवते, आज म्हणायचं. शब्द अगदी ओठावर येतो.

अजून म्हटलेलं नाही... का, ते माझं मलाच कळत नाही. आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.