अडवलेला शब्द

“मनातल्या मनात शिवी दिली, तर जीभ हलते का?”

शाल्मली आवटीने मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉक्टरांना प्रश्न टाकला. कबड्डी संघातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, एवढ्या मोठ्या डॉक्टरांना हे विचारून दाखव, मिसळ आमच्याकडून. आईने तिला डोळ्यांनीच दटावलं.

डॉ. शहनाज मुजावर मात्र खुर्ची ओढून बसल्या. “हलते. दिसत नाही इतकंच. शब्द नुसता मनात आला तरी मेंदूकडून जिभेच्या स्नायूंना बारीकसा संकेत जातो. तुझ्या बाबांची पट्टी त्याच संकेतांवर चालते.”

बाबा म्हणजे बसवराज आवटी, कबड्डी सामन्यांचे समालोचक. वर्षापूर्वी कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीभ धडधाकट, ओठ धडधाकट, आवाज तेवढा गेला. तेव्हापासून त्यांचे ओठ वाचून चारचौघांत शाल्मलीच त्यांच्या वतीने बोलायची. हनुवटीखाली आणि कानांमागे चिकटवायची ही जिव्हावाचक पट्टी आता ते काम करणार होती. पंचाईत एकच, ती सगळंच बोलायची. गेल्या रविवारी मामा आले. बाबा म्हणाले, “बसा की, चहा घ्या,” आणि पट्टीने त्याच दमात पुढे जोडलं, “हा माणूस उठणार कधी.”

“आता तसं होणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मनातल्या शब्दाचा संकेत क्षीण, बोललेल्याचा ठळक. दोन शब्द एकदम आले, तर पट्टी फक्त ठळक तो बोलेल. विचारा काहीतरी.”

“नाश्ता कसा होता?” आईने विचारलं.

“उप्पीट बरं होतं. मीठ कमी,” पट्टी म्हणाली.

“हे बोललेलंच ना?”

बाबांनी हसत मान डोलावली.

शाल्मलीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात तिची निवड झाली होती आणि आज पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आठवडाभर बाबा पाटीवर एकच शब्द लिहीत होते, ‘जा’. आणि तिला त्या शब्दाचा भरवसाच वाटत नव्हता.

“बाबा, खरं सांगा. जाऊ?”

बाबांचे ओठ स्वच्छ हलले. जा.

“राहा,” पट्टी म्हणाली.

बाबांनी पट्टी ओरबाडून काढली. आई खिडकीबाहेर बघायला लागली.

“बिघाड असेल,” म्हणत डॉक्टरांनी पडद्यावरचा आलेख मागे नेला. ‘जा’ची रेघ नेहमीएवढी होती. ‘राहा’ची तिच्या दुप्पट उंच. “न बोललेला शब्द इतका ठळक? कसं शक्य आहे?”

शाल्मली टेबलावरच्या जिभेच्या प्रतिकृतीकडे बघत होती. “डॉक्टर, हिच्यात कुठंच हाड नाही?”

“नाही. स्नायूंच्या आठ जोड्या. चार आकार बदलतात, चार तिला इकडेतिकडे नेतात.”

“मग निघालेली जीभ थांबवायची कशाने?”

“दुसऱ्या स्नायूनेच. हनुवटीकडचा पुढे ओढतो, कानाकडचा मागे खेचतो...” डॉक्टर बोलता बोलता थांबल्या.

“पकड,” शाल्मली म्हणाली. “चढाई करणारी मधल्या रेषेकडे झेपावते, आम्ही तिचा घोटा धरतो. तसूभर कुणी हलत नाही, पण घाम सगळ्यांचाच निघतो. पट्टीने दोन्हीकडचा जोर मोजला.”

“म्हणजे सहज मनात आलेला शब्द क्षीण,” डॉक्टर सावकाश म्हणाल्या, “पण जिभेवर येऊन अडवलेला शब्द बोललेल्याहूनही ठळक. आणि मी पट्टीला नेमका तोच निवडायला शिकवलं.”

“मामांच्या वेळी यांनी अडवायला काही जोरच लावला नव्हता म्हणायचं,” आई खिडकीकडे बघतच म्हणाली.

शाल्मलीला हसू आलं नाही. “त्या रेघेत ‘राहा’चा जोर किती आणि अडवण्याचा किती?”

“निम्मा निम्मा. अडवणारा कमी पडला असता, तर शब्द ओठांवर आला असता.”

बाबा जमिनीकडे बघत होते. चुरगळलेली पट्टी मुठीतच होती. शाल्मलीने ती हळूच काढून घेतली, सरळ केली आणि पुन्हा त्यांच्या हनुवटीखाली चिकटवली.

“मी दोन्ही ऐकलं, बाबा. मी राहावं असं वाटतंय तुम्हाला, आणि तेवढाच जोर लावून तुम्ही मला पाठवताय.” मग ती डॉक्टरांकडे वळली. “ठळक शब्दाची ती निवड काढून टाका. पट्टी सगळं बोलू दे.”

घड्याळात साडेचार झाले होते. तिने फोन काढला.

“आई, बाबा, मी पुण्याला जातेय. आणि रोज फोनवर मला दोन्ही शब्द ऐकायचेत.”