कड्यावरचे अकरा खड्डे

कड्याच्या कपारीत उगवणाऱ्या एका झुडपाची पानं आणायची, एवढ्यासाठी तिघं निघाले होते. त्या पानांतल्या द्रव्यानं प्रयोगशाळेतले बिथरलेले उंदीर शांत झाले होते, तेही न पेंगता! माणसाला ते औषध मिळायला अजून वर्षं होती, मिळेलच याची खात्रीही नव्हती. पण धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियानं घेरलेलं, त्याच्या कानात दिवसभर बोलणारे आवाज आणि गोळ्यांनी थरथरणारे हात हे सगळं जवळून पाहिलेल्या रसायनतज्ज्ञ ताईला तेवढी आशाही पुष्कळ होती.

सोबत तिचे सर आणि एक वाटाड्या. सरांनीच शिकवलेला नियम होता : पानं खुडायची, मुळाला हात लावायचा नाही. काल ताईचा पाय मुरगळला तेव्हा "तू पड जरा, मी वरची वाट शोधून येतो," म्हणून सर एकटेच वर गेले होते. किती जपतात, असं वाटून बिचारीला भरून आलं होतं!

सकाळी मात्र सर म्हणाले, "वर काही नाही. परत फिरू."

ताई ऐकेना. तिनं मुरगळलेल्या पायाला पट्टी आवळली. एका दोराला बांधून तिघं चढले. सर सॅक काही तळावर ठेवेनात.

वर झुडपं नव्हती. ओल्या मातीचे अकरा ताजे खड्डे होते!

"सर, मुळासकट?"

"माझ्या बागेत लावीन. इथे ठेवली तर उद्या कुणीही नेईल, शोधाला आपलं नाव लावील."

"खाली ही जगत नाहीत हो," वाटाड्या म्हणाला.

"आणि माझं नाव?" ताईनं विचारलं. सरांनी सॅकचे पट्टे आवळले. सहा वर्षं ज्यांच्या शब्दावर ती राबली, त्यांनीच केसानं गळा कापला होता.

सर घाईनं उतरू लागले. दगड निसटला! सर लोंबकळले! ताई पालथी पडली. दोर तळव्यांत घुसला. मागे वाटाड्यानं टाचा रोवल्या.

"सॅक टाका!" तो ओरडला.

"नाही टाकणार!"

"मग मी दोर कापते, सर!"

ती कापणार नव्हती. पण आपल्यावरून जग ओळखणाऱ्या सरांना ते लगेच खरं वाटलं. सॅक सुटली आणि खालच्या नदीत गडप झाली. भार हलका झाला तसे सर खडकाला धरून वर चढू लागले.

ताईच्या नाकासमोरच खडकात एक फट होती. फटीत त्याच झुडपाचं वीतभर रोप, नुकतीच कळी धरलेलं.

"घ्यायचं का?" वाटाड्या पुटपुटला.

इनमीन सहा पानं. ती खुडली तर रोप मरणार, बी धरेपर्यंत थांबलं तर भावाची आणखी वर्षं जाणार. ताईला रडू फुटलं.

"नको. बी धरू दे."

सर धापा टाकत वर आले. "एखादं तरी उरलंय का गं?"

ताई फटीला पाठ लावून बसली. सहा वर्षांत त्यांच्याशी ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

"एकही नाही, सर."