आठव्या पायरीपर्यंत

दारात उभ्या माणसाच्या हातात बदामाचं क्रिंगल, आमच्याकडची कड्यासारखी गोल पेस्ट्री, होतं आणि चेहऱ्यावर माफी.

"मी खालचा. एमिल कुबिक," तो म्हणाला. "घाई अजिबात नाही... सवडीने बघा... पण माझ्या छतातून थोडं पाणी येतंय."

"अगं बाई! कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

नोव्हेंबर निम्म्याहून जास्त सरला होता.

"आणि तुम्ही आज सांगताय?"

"तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून. तीन पातेली लावलीत. एक सूपचं आहे, ते रात्रभर पुरतं."

आमच्या या उत्तरेकडच्या थंड रसीन गावात याचं कुणाला नवल वाटणार नाही. इथे तळ्यात बुडणारा माणूसही आधी विचारतो, तुम्ही कामात तर नाही ना?

"मग आजच का?"

"अंगणात विक्रीची पाटी बघितली," तो क्रिंगलकडे बघत म्हणाला. "चार वाजता गिऱ्हाईकातर्फे घराचा तपासनीस येणार म्हणे. त्याला गळती सापडली की गिऱ्हाईक पळेल. मी गप्प बसलो म्हणून तुमचं जाणं अडायला नको..."

माझं जाणं ठरलं होतं. दक्षिणेच्या वाळवंटातल्या टूसॉनमध्ये बहिणीचं दुकान, तिथे मला जागा, पुढच्या महिन्याची पहिली तारीख. इथून का चाललीस असं कुणी विचारलं तर मी थंडी सांगायचे. खरं कारण एवढंच होतं की चौतीस वर्षांत या गावात मला कुणी 'थांब' म्हणालं नव्हतं. 'या हं पुन्हा' मात्र सगळे म्हणाले होते.

घड्याळात एक वाजला होता. मी तीन प्लंबरांना फोन केले. तिघांच्या फोनवरच्या निरोपाच्या यंत्रांनी तेच सांगितलं: आज हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, सोमवारी बघू.

"मी प्लंबर नाही," एमिल म्हणाला. "बेकरीत असतो. पण... बघू का?"

सिंकखालच्या कपाटातून मी प्लास्टिकच्या पिशव्यांचा डोंगर उपसला. मागे डिस्पोजल लटकत होतं, सिंकच्या तोंडाखालची खरकटं दळायची चक्की. तिच्या बुडाशी एक थेंब जमत होता. तो जमिनीवर पडला आणि पाइपाच्या भोकातून त्याच्या घरी गेला.

"बुडातूनच गळतेय की!" मी म्हणाले.

"तसं असेल तर आतलं सील गेलं. मग अख्खी चक्की नवी. चारच्या आत होणार नाही."

त्याने खटका पाडून वीज बंद केली, चक्की फडक्याने कोरडी ठणठणीत पुसली, सिंकच्या तोंडाला झाकण लावलं, सिंक भरला आणि खिशातून लाल रंगाची बाटली काढली. नाताळच्या बिस्किटांचा रंग. पाणी लालभडक झालं.

"आता बघायचं लाल कुठे दिसतं ते. वरच्या कड्याशी, बाजूच्या नळीशी, की..."

"बुडाशी."

"बुडाशी."

आम्ही दोघं कपाटात डोकी घालून बसलो. एका टॉर्चमध्ये दोन माणसं. त्याच्या शर्टाला वेलचीचा वास होता आणि कानाच्या पाळीवर पीठ. बाहेर तळ्यावरचा वारा ओला बर्फ खिडकीवर फेकत होता. पाच मिनिटं. आठ. मला कळत नव्हतं की मी श्वास चक्कीमुळे धरलाय की पिठामुळे.

बुडाशी लाल थेंब उगवला.

"संपलं," मी म्हणाले. आणि का कोण जाणे, छातीत काहीतरी सैल झालं. विक्री नाही, म्हणजे टूसॉन नाही...

एमिल मात्र हलला नाही. त्याने टिश्यू पेपरची सुरळी करून ती सिंकच्या कड्याखाली, अगदी वर, टेकवली. पेपर लाल झाला.

"वरून गळतेय," तो म्हणाला. "अंगावरून ओघळून बुडाशी ठिबकतेय. चक्की धडधाकट आहे. वरची पुट्टी वाळलीय फक्त. होईल."

'होईल' म्हणताना त्याचा आवाज इतका दुःखी होता, की मी टॉर्च त्याच्या तोंडावर धरला.

"डोळ्यात जातोय," तो नम्रपणे म्हणाला.

सिंक रिकामा करून त्याने नळ्या सोडवल्या. उरलंसुरलं लाल पाणी माझ्या मोज्यांवर आलं. चक्की फिरवून खाली घेतली ती थेट माझ्या मांडीवर. सहा-सात किलोचं धूड.

"जड आहे का?"

"छे, मांजरासारखी आहे. मेलेल्या."

तो पहिल्यांदा हसला. मग स्क्रू सैल करताना आतली स्प्रिंगची कडी टणकन उडून स्टोव्हखाली गेली. ती काढायला फूटपट्टी, झाडू आणि वीस मिनिटं लागली. दोन पन्नास. जुनी पुट्टी खरवडता खरवडता सव्वातीन.

मग त्याने खालून आणलेल्या हत्यारांतला पुट्टीचा डबा उघडला, गोळा घेतला आणि दोन्ही तळव्यांत त्याची लांब, एकसारखी वात वळायला लागला. क्रिंगलची पट्टी वळावी तशी, न बघता. ते हात बघताना माझं टूसॉन जरा लांब गेलं.

डब्याच्या झाकणाला पावती चिकटली होती.

"ही नऊ सप्टेंबरची आहे."

हात थांबले.

"पुट्टी... टिकते," तो म्हणाला. "झाकण नीट लावलं तर."

"मी ते विचारलं नाही, एमिल."

"पाणी आलं त्याच दिवशी आणली. लायब्ररीतून पुस्तकही आणलं. मग रोज संध्याकाळी वर यायला निघायचो."

"मग?"

"चौदा पायऱ्या आहेत."

"मोजल्यास?"

"आठपर्यंत."

मला माझा विक्रीचा फॉर्म आठवला. विकणाऱ्याने घराचे दोष लिहून द्यायचे असतात, त्या फॉर्मवर मी माझ्या हाताने लिहिलं होतं: 'जिना : आठवी पायरी रोज सहाच्या सुमारास आपोआप करकरते. बहुधा थंडीने.'

"जायचंय ना तुला?" त्याने वातीकडे बघत विचारलं. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"तू सांग."

"ते मी कसं सांगणार... तुझं ठरलंय."

त्याने वात कड्याखाली दाबली. गॅस्केट, कडी, तीन स्क्रू, तिन्ही आळीपाळीने, थोडे थोडे. मला इथून जायला मोकळं करण्याचं काम इतकं नीट करणारा माणूस मी पाहिला नव्हता. तीन पन्नासला चक्की जागेवर बसली, खटका वर गेला, आणि चारच्या ठोक्याला तपासनीस आला. त्याच्या कोटाखाली शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट होतं.

"इथे गळत होतं," मीच सांगून टाकलं. "आज दुरुस्त केलं."

त्याने सिंक भरला, सोडला, चक्की घरघरवली, कपाटात वाकून बोट फिरवलं. फार वेळ फिरवलं. मी एमिलकडे बघितलं नाही. बोट बाहेर आलं.

"कोरडं. झकास काम आहे. कुणी केलं?"

"खालच्या बेकरने."

त्याने कागदावर बरोबरची खूण केली आणि शिकारीला जंगलाकडे पळाला.

एमिलने मांड्यांवर हात आपटले. "चला, तर मग." आमच्याकडे यानंतर माणूस अर्धा तास जात नाही. तो दारात बर्फाबद्दल बोलला, बहिणीची चौकशी केली, क्रिंगल फ्रिजमध्ये ठेवू नकोस म्हणाला. शेवटी टोपी घातली.

"टूसॉनला जाताना... रस्त्यात हरणं आडवी येतात. जपून चालव."

हे वाक्य माझे वडील माझ्या आईला म्हणायचे. याहून जास्त त्यांनी तिला कधी काही म्हटल्याचं आठवत नाही, आणि तिला कमी पडल्याचंही.

दार लागलं. पावलं खाली गेली. मी सिंकपाशी लाल मोज्यांनी उभी राहिले. कपाटाखाली एक थेंब नाही. इतका कोरडेपणा मला सोसेना.

मग जिना करकरला.

आठवी. आणि पुढे काही नाही. मी मोजत होते... दहा... वीस...

मी दार उघडलं. तो तिथेच होता, कठड्याला धरून, हातात पुट्टीचा डबा.

"अजून सहा आहेत," मी म्हणाले.

तो सहाही चढला. धाप लागली होती, जिन्याने नसावी.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "तुला त्रास होणार नसेल तर."

"अरे, पण घर तर विकलं तू माझं!"

त्याने पुट्टीचा डबा दुसऱ्या हातात घेतला.

"खाली माझ्याकडे जागा आहे. छताला डाग आहे," तो म्हणाला. "पण आता गळत नाही."