चार बोटं उघडी काच

“बटण खाली दाबून धर. काच पूर्ण खाली गेली तरी सोडू नकोस. पाच मोज. मग वर ओढ, आणि वर टेकली तरी बोट काढू नकोस. पुन्हा पाच. मध्येच सोडलंस तर पहिल्यापासून.”

माझा दीर काझ गाडीच्या काचांबद्दल हे सांगत होता. तो आवाज अजून कानात आहे.

पुढे जे लिहितेय त्यात एक शब्दही पदरचा नाही. मी रोज तीनला जपमाळ घेऊन बसणारी बाई आहे. बुधवार-शुक्रवार मांस न खाण्याचा नेम एकोणिसाव्या वर्षापासून पाळतेय. खोटं बोलायची सवय नाही.

एकदाच बोलले... आणि तिथूनच हे सुरू झालं.

गाव हॅमट्रॅमिक, अमेरिकेतल्या मिशिगनमधलं, आम्हा पोलिश लोकांचं. गेल्या वर्षीचा ऑक्टोबरमधला शेवटचा गुरुवार. दुपार. आभाळ राखाडी.

झिगमंटची मी दुसरी बायको. पहिली, लुत्सिना, फुफ्फुसांच्या दुखण्यानं गेली. ती मोटारींच्या कारखान्यात होती. बावीस वर्षं दारांमध्ये काचा बसवल्या तिनं. आमची निळी गाडी त्याच कारखान्यातली. म्हणजे मी ज्या काचेतून बाहेर बघायचे, ती कदाचित तिच्याच हातची.

मेलेल्या बाईचा हेवा करू नये. कळतं मला. फादरांपुढे गुडघे टेकून कबूलही केलं होतं. पण गाडीतल्या रेडिओचं पहिलं बटण तिचं होतं. रविवारी त्यावर पोल्का लागायचा, आमच्याकडची नाचाची गाणी. झिगमंट ते बटण दाबायचा आणि घर येईपर्यंत गप्प.

मी शेजारी बसलेली. असून नसल्यासारखी.

आणखी एक होतं. शेवटच्या वर्षी लुत्सिनाचा श्वास कोंडायचा. झिगमंट तिला गाडीतून नदीतल्या बेटावर, बेल आइलवर न्यायचा. बर्फ पडत असला तरी तिच्या बाजूची काच चार बोटं उघडी. ती काचेच्या कडेवर बोटं टाकून बसायची. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तशीच काच उघडी ठेवून गाडी तिथे नेईन, असा त्यानं तिला शब्द दिला होता.

आमच्या लग्नानंतर पहिला नोव्हेंबर आला तेव्हा मी म्हटलं, “जायचं तर जा. मी काय, बसते एकटी घरात.”

तो गेला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

मी जिंकले होते. तरी रेडिओचं ते बटण होतंच.

त्या गुरुवारी झिगमंट चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला गेला होता. मी बॉनेट उघडलं. पान्यानं बॅटरीची तार सोडवली. तार काढली की रेडिओ सगळी स्टेशनं विसरतो, हे काझ कधीतरी बोलून गेला होता. तिथेच उभी राहून मी अख्खी जपमाळ संपवली. मग तार परत लावली.

पहिलं बटण दाबलं...

नुसती खरखर.

मला बरं वाटलं.

झिगमंटला सांगितलं, “बॅटरी उतरली होती.” हेच ते खोटं.

पण काचाही विसरल्या होत्या. पूर्वी बटणाला एकदा बोट लावलं की आपोआप वर जायच्या. आता अर्ध्यातच थांबायच्या. शुक्रवारी गाडी काझच्या गॅरेजात नेली.

“वहिनी, तू आणि पाना!” तो हसला. “तार काढलीस ना, आता काचांची शाळा घे. एकेका दाराशी बसून.” आणि त्यानं ते शिकवलं, वर लिहिलंय तसं.

“एवढं बारीक तुला कोणी सांगितलं?”

“लुत्सिनानं. आणखी कोण सांगणार?”

तीन काचा शिकल्या. मग मी चौथ्या दाराशी बसले. पुढच्या, माझ्या नेहमीच्या जागेवर.

काच वर आली... चार बोटं उरली...

थांबली.

आणि परत खाली गेली.

“मध्ये काही अडकलं की मागे येते,” काझ म्हणाला. “कुणाचा हात चेपू नये म्हणून.”

“मध्ये काहीच नाहीये.”

त्यानं रबर पुसलं. स्वतः बसून बघितलं. काच सरळ वर. दहा वेळा वर.

“गाडी तुझ्यावर रुसलीय, वहिनी.”

मी पुन्हा बसले. चार बोटं उरली... आणि खाली.

या वेळी काझ हसला नाही.

शनिवारी तीनला मी एकटीच गाडीत त्याच जागेवर बसले. जपमाळ हातात. काच वर ओढली. ती तिथेच थांबली. खाली जायच्या आत मी काचेच्या कडेवर हात ठेवला...

काच थंड होती. पण माझ्या बोटांखाली जे होतं, ते काचेहून थंड होतं.

आणि ते सपाट नव्हतं.

मी हात काढला नाही. का, ते आजही सांगता येत नाही. हळू आवाजात म्हटलं, “लुत्सिना, त्या बटणावरचं तुझं स्टेशन मी पुसलं. त्याला मीच अडवलं. उद्या तुला घेऊन जाईन. दर वर्षी नेईन. आता सोड.”

हाताखाली काहीतरी हललं. मग नुसती काच उरली.

बटण वर ओढलं. काच टेकली. पाच मोजले.

शिकली.

संध्याकाळी झिगमंटला सगळं सांगितलं, बॅटरीसकट. तो म्हणाला, “दोन वर्षं गेलो नाही मी. आता कुठल्या तोंडानं जाऊ?”

“मग मी जाते.”

रविवारी, दोन नोव्हेंबरला, चर्चमधली मिस्सा आटोपून मी चालवायला बसले. शेजारची काच चार बोटं खाली घेतली. गाडी सुरू केली...

टिंग... टिंग... टिंग...

शेजारच्या सीटवर वजन असलं आणि पट्टा लावलेला नसला, की हा आवाज होतो आणि समोर लाल दिवा लागतो. पिठाची पिशवी ठेवली तरी लागतो.

सीट रिकामी होती.

मी वाकून तिचा पट्टा लावला. आवाज बंद झाला.

झिगमंट दारात उभा होता. मी हात हलवला. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो शेजारच्या सीटकडे बघत होता.

काझ म्हणतो, काचेची मोटर गरम झाली असेल, सीटखालची तार ओली असेल. असेल. पण वर्ष झालं, मी त्या जागेवर बसत नाही. झिगमंटबरोबर कुठे निघाले तर मागे बसते. तो काही विचारत नाही. तेच जास्त लागतं मनाला. पोल्काचं स्टेशन मीच शोधून पहिल्या बटणावर परत लावून दिलं. तरी हेवा गेला, असं म्हणवत नाही.

आज पुन्हा दोन नोव्हेंबर. मिस्सा करून आलेय. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झालाय. झिगमंट आतल्या खोलीत आहे, दार लोटून. त्याला हाक मारत नाही.

किल्ली घेतलीय. तो दिवा मला पुन्हा बघायचा नाही, म्हणून तिचा पट्टा सकाळीच लावून ठेवलाय.

काचही उघडीच आहे. चार बोटं.

निघते.