खादाड थंडच राहिला

चौकशीसाहेब, तुम्ही कागदावर खोटं लिहिलंत.

"स्वतः बनवलेल्या उपकरणामुळे, स्वतःच्या चुकीने मृत्यू." एका ओळीत माणूस मिटवलात आणि चहा पिऊन गेलात.

पुढचं सगळं खरं आहे. ज्याला गंमत वाटते त्याने इथेच थांबावं. मेला तो माझा मावसभाऊ, दादा. आणि हे जिच्यावर गुदरलं ती त्याची सख्खी बहीण, धाकटी.

दादा कामाला होता ते पॉवर सप्लाय बनवणारं छोटं वर्कशॉप. प्रत्येक नवा सप्लाय पूर्ण लोडवर, म्हणजे झेपेल तेवढी वीज ओढून, चालवून बघावा लागतो. विकतचं यंत्र मालकाला परवडत नव्हतं, म्हणून दादाने स्वतःच एक पेटी जुळवली. उष्णता ओढून घेणारी भंगारातली जाडजूड धातूची हीटसिंक, जुन्या कॉम्प्युटरचे पंखे. तिचं काम एकच. वीज खायची आणि उष्णता बाहेर टाकायची.

सगळे तिला खादाड म्हणत.

फार तापली की आपोआप बंद व्हावी म्हणून दादाने तिला कटआउट लावला होता. तो सारखा ट्रिप व्हायचा, पेटी बंद पडायची, माल अडायचा. मालकाने कटआउटवर तार टाकून घेतली. म्हणजे तो असून नसल्यासारखा.

एका दुपारी पंखा अडकला. खादाड थांबला नाही. दादा प्लग उपटायला धावला...

पुढे तुम्हाला माहीत आहे.

घरात कमावतं दुसरं कोणी उरलं नव्हतं. दादाच्या खुर्चीवर धाकटी बसली. खादाडचे जळके भाग बदलले. तार तशीच.

"तेवढी तार काढते ना."

"ऑर्डर संपू दे. भावासारखी कटकट नको," मालक म्हणाला.

भांडायलाही अंगात त्राण लागतं. धाकटीच्या अंगात ते नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर तिने स्विच दाबला.

बराच वेळ गेला. मग तिच्या लक्षात आलं...

आवाज नाही.

एकही पंखा फिरत नव्हता. मीटरचा काटा मात्र पूर्ण लोडवर. एव्हाना धूर निघायला हवा होता.

तिने भीत भीत हीटसिंकजवळ हात नेला...

गार.

पहाटेच्या फरशीसारखी गार.

तिने मीटर बदलला. वायरी बदलल्या. वीज जात होती. मग उष्णता जात होती कुठे?

"तुझ्या हाताला गुण आहे," मालक खूश. "पंख्यांचाही खर्च वाचला."

संध्याकाळी ती पाय ओढत घरी आली. वहिनी दारातच उभी होती.

"वन्सं, चप्पल राहू द्या. आधी आत या."

दादाची गादी. वहिनीने ती अजून गुंडाळली नव्हती.

"हात लावा."

धाकटीने लावला...

गादी भाजत होती. सगळी नाही. माणूस झोपतो तेवढीच.

"कधीपासून?"

"दुपारची जेवणं झाली तेव्हापासून. मध्ये जरा निवली. मग परत."

मध्ये म्हणजे चहाच्या सुट्टीत. तेवढाच वेळ तिने खादाड बंद ठेवला होता.

वहिनीने दादाची उशी उचलून बाजूला ठेवली.

"जिवंतपणी यांनी ओव्हरटाइमला कधी नाही म्हटलं नाही," वहिनी म्हणाली. "आता तरी यांना सोडा म्हणावं मालकाला."

दुसऱ्या दिवशी धाकटीने पक्कड घेतली आणि तार तोडली. पंखे लगेच घरघरले. खादाड तापला, कटआउट ट्रिप झाला, माल अडला.

त्या दिवशी गादी गार होती. वहिनी बऱ्याच दिवसांनी झोपली.

मालकाने मात्र धाकटीला हाकललं आणि तार पुन्हा टाकली. तिच्या जागी दुसरं कोणीतरी बसतं.

गादी पुन्हा तापते. रोज. वहिनीने ती भिजवून पाहिली, अंगणात टाकून पाहिली. पाणी वाफ होऊन गेलं.

काल दुपारी मीही जाऊन हात ठेवला. चटका बसला, तरी ठेवून पाहिला...

हाताखाली कोणीतरी कूस बदलली.

अजून हाताची आग गेलेली नाही.

चौकशीसाहेब, चूक कोणाची ते तुमच्या कागदावर राहू द्या. मला एवढंच सांगा. ती पेटी अजून चालू आहे, आणि तिची उष्णता तो एकटा अंगावर घेतोय.

त्याला सुट्टी कधी देताय?

उत्तर द्या.