एका बाहीचा शर्ट आणि मधवाला

मी बाहेरून दार ओढत होते आणि तो आतून. मध्ये वाचनालयाची जाड काच. मग दोघांना एकदमच शहाणपण सुचलं आणि दोघांनीही ढकललं. दार जागचं हललं नाही. काचेपलीकडे तो इतका मनापासून हसला, की मी हातच काढून घेतला.

“वेबसाइटवाल्यांच्या बैठकीला?” दार उघडत त्याने विचारलं.

“हो. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मलाही कळत नव्हतं. मी मधमाश्या पाळतो.”

मी शिवणकाम करते. दादाचा डावा हात कारखान्यातल्या यंत्रात गेला, तेव्हा मी त्याच्यासाठी एका बाहीचा शर्ट शिवला. बटणांच्या जागी चुंबकं लावली, म्हणजे एका हाताने घालता येईल. मग तसलीच कामं येत गेली. “अशी माणसं गावोगाव असतील गं,” वहिनी म्हणाली, “तू आहेस हे त्यांना कळणार कसं?” आणि तिने मला इकडे पिटाळलं.

वरच्या खोलीत आठ-दहा जण होते. एक निवृत्त पोस्टमन, एक दातांची डॉक्टर, असेच. सगळे त्याला मधवाला म्हणत. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

“बेतलेले तुकडे समजा. हा मथळ्याचा, हा फोटोचा. उचला, हवा तिथे ठेवा.”

उचलला. ठेवला. दादाचा शर्ट पडद्यावर झळकला. मग मी श्वास रोखून ‘प्रकाशित करा’वर बोट टेकवलं.

“आता तो जगात कुठेही दिसेल.”

“आत्ता? या क्षणी?” माझ्या अंगावर सरसरून काटा आला. “आणि हे सॉफ्टवेअर... कोणाच्या मालकीचं?”

“कोणाच्याच नाही. हजारो माणसं मिळून बनवतात. बरीचशी फुकट.”

“मग त्यांना मिळतं काय?”

तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. “तुमचा आत्ताचा चेहरा,” म्हणाला, आणि स्वतःच दचकून माउसशी खेळू लागला.

त्यानंतर बैठकीचा एकही शनिवार चुकला नाही. “टेलरबाई, रंग जरा कमी!” तो म्हणायचा. “मधवाले, तुमच्या साइटवर माश्या जास्त आणि मध कमी,” मी म्हणायचे. पोस्टमनकाका चष्म्यावरून आम्हा दोघांकडे बघायचे.

आणि एका सकाळी साइटवर पहिला निरोप आला. दूरच्या गावातल्या एका आईचा. मुलीच्या पाठीला आधाराचा पट्टा असतो, तिला पहिल्यांदाच स्टेजवर गायचंय, तयार झगा एकही बसत नाही. खाली सगळी मापं, फोन नंबर. मी आनंदाने वेडी झाले. साइट आणखी नटवायला म्हणून एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं तयार साधन, जोडलं...

सगळं पांढरं झालं. साइट नाही, निरोप नाही, त्या मुलीची मापं नाहीत. काहीच नाही.

मधवाल्याला फोन केला तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. अर्ध्या तासात तो माझ्या दुकानात हजर. पडदा पाहिला, डोकं खाजवलं.

“खरं सांगू? मला येत नाही हे.”

मी लॅपटॉप मिटायला गेले.

“पण आपण विचारू ना,” तो म्हणाला आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समुदायाच्या चर्चापानावर प्रश्न लिहायला बसला. मी इस्त्रीच्या टेबलाला टेकून नखं कुरतडत होते.

सात मिनिटांत उत्तर आलं. मग दुसरं. एक शिक्षक होता, त्याच्याकडे बर्फ पडत होता म्हणे. एक नर्स ड्युटीवर जाता जाता लिहीत होती. ‘घाबरू नका, काहीही पुसलं गेलेलं नाही. होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तिथल्या फाइलींमध्ये जा, त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला.’ कोण, कुठली माणसं! माझं नावही माहीत नाही त्यांना... आणि मी घाबरले असेन, हे मात्र कळतं!

त्याने नाव बदललं. मी डोळे मिटून घेतले.

“उघडा,” तो हळूच म्हणाला.

शर्ट जागेवर होता. निरोपही. मी सगळ्यात आधी मापं वहीत उतरवली, मग ढसाढसा रडले. त्याने घाईघाईने रुमाल म्हणून शेजारचं अस्तराचं कापड पुढे केलं, आणि मी रडता रडता हसले.

पानावर नर्सने लिहिलं होतं, ‘साइट पाहिली. तुमच्या मैत्रिणीच्या हातात जादू आहे.’

मी पान वर सरकवत त्याचा प्रश्न वाचला. ‘माझ्या मैत्रिणीची साइट बंद पडली आहे. कृपया मदत करा, ती फार घाबरली आहे.’

“मैत्रिणीची?”

त्याचे कान लाल झाले. “घाईत... म्हणजे, सुचलं ते... दुरुस्त करता येतं. इथे बटण आहे.”

“लॅपटॉप द्या इकडे.”

त्याने निमूटपणे सरकवला. मी त्या समुदायात स्वतःचं खातं उघडलं. तो श्वासही न घेता बघत होता. आणि साऱ्या जगाला दिसेल असं, एकेक अक्षर शोधत, मी पहिल्यांदा लिहिलं—

‘ती मैत्रीण मीच. आभार. शब्द बरोबर आहे, दुरुस्त करू नये.’